चालेपर्यंत मासळी नाही

आमच्या घरात चूक झाली की कुणी माफी मागत नाही, काहीतरी खायचं सोडून देतं. आजीने एका भांडणानंतर चहा सोडला, तो मरेपर्यंत घेतला नाही. आईने माझ्या धाकट्या भावाच्या, मंगेशच्या, तापात वांगी सोडली, तीही ती जाईपर्यंत. लग्न होऊन मी कुडाळला गेले तेव्हा नवऱ्याने विचारलं, "तुमच्याकडे खातात तरी काय?" मी म्हटलं, मासे खातो आणि स्वतःचं मीठ खातो, बाकी सगळं सोडण्यासाठी असतं. तो हसला. मीही हसले. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

स्वतःचं मीठ हे मात्र अगदी खरं. शिरोड्याला खाडीच्या काठी आमचं मिठागर आहे. पाऊस सरला की खाडीचं पाणी आत घ्यायचं, या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरवत आटवायचं, आणि उन्हं तापली की लाकडी फळीने मीठ ओढून बांधावर ढीग घालायचे. माझे वडील, हरिश्चंद्र, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ते या मिठाबद्दल देवाबद्दल बोलावं तसं बोलत. त्यांच्या वडिलांनी शिरोड्याच्या सत्याग्रहात लाठी खाल्ली होती. आबा ही गोष्ट दर उन्हाळ्यात सांगत आणि दर उन्हाळ्यात लाठ्या वाढत.

हल्ली हे मीठ खायला म्हणून विकता येत नाही. खायच्या मिठात आयोडीन घातलेलं असलं पाहिजे असा कायदा आहे. म्हणून आमचं मीठ माडांच्या मुळांत जातं, नाहीतर मासळी खारवायला. पण घरात पुडीचं मीठ आणायची कुणाची छाती नव्हती. आबा म्हणायचे, "सगळा आयोडीन समुद्रात, आणि समुद्र आमच्या दारात. आमका पुडीतसून कित्याक होया?" ऐकायला इतकं बिनतोड वाटायचं की कुणी उलट विचारलंच नाही. आणि आमचं काही बिघडलंही नाही, कारण आम्ही रोज बांगडा नाहीतर तारली खात होतो. मिठात नव्हतं ते मासळी देत होती, आणि नाव मिठाचं होत होतं.

मग अनुजा आमच्या घरात आली. माझ्या धाकट्या भावाची, मंगेशची बायको. धामापूरची. मासे खायला बसली की बघत राहावं. बांगड्याचं डोकं ती असं चोखायची की मांजर निराश होऊन निघून जायचं. मी तिला म्हणायचे, "अगो, काटो तरी ठेव त्येका." ती तोंड भरलेलं असताना हसायची.

तिचं पहिलं मूल पोटातच गेलं. दुसरं गेलं ते चांगलं हलायला लागल्यावर. मग एक दिवस माहेरी गेली, भगवतीच्या देवळात गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घेतलं आणि आली ती नवस बोलूनच. मूल होऊ दे, आणि ते स्वतःच्या पायांनी चालू दे. ते चालेपर्यंत मासळी तोंडाला लावणार नाही.

मी विचारलं, "जन्मापर्यंतचो नवस बोलूचो. चालापर्यंत कित्याक?"

ती म्हणाली, "जल्माक येवन काय होता, ताई? चलाक लागला मगे खरा आपला."

दोन मुलं हातातून गेलेल्या बाईशी वाद काय घालायचा? घरात सगळ्यांना तिचं कौतुकच वाटलं. आबा तर येईल त्याला सांगत, "सून आसा तर अशी." मासळी घेऊन येणारी यशोदा दारात पाटी उतरवताना म्हणायची, "वैनीनु, आज तरी वायच," आणि अनुजा मान हलवून बाकीच्यांसाठी घ्यायची. दोन्ही वेळचं मासळीचं तिखलं तीच करायची. चव न घेता. हाताच्या अंदाजाने मीठ टाकायची, आपल्याच मिठागराचं, खड्याचं, आणि ते कधी चुकलं नाही. स्वतः पेज, कुळथाची पिठी, सोलकढी यांवर राहायची. अंडंही सोडलं. ते नवसात नव्हतं, पण तिला वाटलं, उगाच देवीला संशय नको. घरात दूध थोडं येई, ते आबांच्या आणि मंगेशच्या चहाला. ती कोरा घ्यायची.

दिवस राहिले, आणि या वेळी सगळं सुरळीत पार पडलं. मुलगी झाली. नाव दीपिका ठेवलं, हाक दीपू.

इतकं गुणाचं बाळ मी पाहिलं नव्हतं. रडायची नाही. झोपवली की झोपायची, दूध पाजायला उठवावं लागायचं. शेजारच्या बायका यायच्या, आपापल्या रडक्या पोरांची नावं घ्यायच्या आणि म्हणायच्या, "अनुजा, तुझा नशीब गो! चेडू कसा शांत आसा." अनुजा तीट लावायची, दृष्ट काढायची. तिला दृष्टीचीच तेवढी भीती होती.

मी शिवणकाम करते. कुडाळला माझं दुकान आहे, ब्लाउज आणि लहान मुलांचे कपडे. दीपूच्या दुसऱ्या वाढदिवसाला मी झालरीचा फ्रॉक शिवून नेला, दोन वर्षांच्या मुलीच्या मापाचा. तिच्या अंगात घातला तर तो तिच्या पायांच्या खाली लोळायला लागला. गळ्यातून खांदा बाहेर. अनुजा हसून म्हणाली, "ताई, वाढत्या अंगाचो शिवलास मां?" मी हसले नाही. माझं माप चुकलं नव्हतं. मांडीवर घेऊन मी पोरीला नीट पाहिलं. बेंबी वर आलेली, कातडी खरखरीत, जीभ जराशी बाहेर. बसायची ती उशीला टेकून. उभी केली तर पाय असे दुमडायचे की त्यांत हाडच नसावं. टाळी वाजवली, तिने बघितलं नाही.

"कोणाक दाखवलास?" मी विचारलं.

मंगेश म्हणाला, "अंगणवाडीतल्या बाईन सांगल्यान हुता, वजन कमी म्हणान. आबा म्हणाले, आमच्या घराण्यात पोरां उशिराच चलतत. मीय उशिरा चललंय."

"तू बोलाक लागलं तेव्हा चार घरां ऐकाक येय! ही एक शब्द बोलता?"

आबा ओसरीवरून म्हणाले, "किशोरी, वाढदिसाक आरडाओरड नको. नवस चालू आसा."

माझं डोकंच फिरलं. नवस चालू आहे म्हणजे काय, दुकान चालू आहे? मी त्या दिवशी जेवले नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अनुजाला आणि पोरीला गाडीत बसवून कुडाळला नेलं.

डॉक्टर मदिहा तिथे लहान मुलांच्या डॉक्टर आहेत. वेंगुर्ल्याच्या बाजूच्या. दवाखान्यात प्रमाण मराठी बोलतात. त्यांनी दीपूला तपासलं, मग खुर्ची पुढे ओढून अनुजाच्या गळ्याला हात लावला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, अनुजाचं मंगळसूत्र गळ्यात रुतल्यासारखं बसायचं. बायका म्हणायच्या बाळंतपणात अंग धरलं. ते अंग नव्हतं, गाठ होती. दोघींचं रक्त तपासायला गेलं. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी आम्हांला परत बोलावलं आणि विचारलं, "घरात मीठ कुठलं वापरता?"

अनुजाचा चेहरा उजळला. घरातल्या कुणालाही हा प्रश्न विचारला की उजळतोच. "आमचंच. शिरोड्याचं मिठागर आहे आमचं."

"आणि मासे?"

"मासे नाही खात. नवस आहे."

"कधीपासून?"

"हिच्या आधीपासून."

डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर आमच्याकडे फिरवला. मग त्यांनी सगळं सावकाश सांगितलं. गळ्यात एक ग्रंथी असते, तिला आयोडीन लागतं. ते कमी पडलं की ती फुगते, तरी तिचं काम होत नाही. पोटातल्या बाळाचा मेंदू आईच्या आयोडीनवर घडतो, आणि पहिली दोन-तीन वर्षंही त्याच जोरावर. अनुजाला ते मिळालं नाही, म्हणून पोटात पोरीला मिळालं नाही, नंतर दुधातूनही मिळालं नाही.

"पण मीठ समुद्राचं आहे," अनुजा म्हणाली.

"समुद्राच्या पाण्यात अगदी थोडं असतं. पाणी आटवून केलेल्या मिठात नावालाही राहत नाही. मासे, तिसऱ्या, कालवं ते अंगात साठवतात. दुधात असतं, अंड्यात असतं. पुडीच्या मिठात वरून घातलेलं असतं." त्या पुढे म्हणाल्या, "एवढ्यामुळेच झालं असं मी शपथेवर सांगणार नाही. पण तुमच्या ताटात ते कुठूनच येत नव्हतं."

अनुजा आपल्या हातांकडे बघत होती. मी बघत होते दीपूकडे. ती टेबलावरच्या पंख्याच्या वाऱ्यात डोळे मिटून बसली होती, इतकी समाधानी की मला तिचा राग आला. देवा शपथ, तिचा राग आला.

"गोळ्या देते," डॉक्टर म्हणाल्या. "रोज सकाळी, उपाशीपोटी, पाण्यात विरघळवून. जन्मल्यावर टाचेतून थेंबभर रक्त घेऊन चाचणी होते, तेव्हा कळलं असतं तर गोष्ट वेगळी होती. आता अंग सुधारेल. वाढेल, चालेलही."

"आणि डोकं?" मी विचारलं.

त्या प्रमाण मराठी विसरल्या. "बाय माझे," त्या अनुजाचा हात धरून म्हणाल्या, "जां गेला, तां गोळयेन परत येवचा नाय."

दारापर्यंत आल्यावर त्यांनी अनुजाला बजावलं, आजपासून मासे खायचे, पुडीचं मीठ खायचं, आणि तिच्याही गोळ्या चुकवायच्या नाहीत. अनुजाने मान डोलावली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "गोळयो घेतंय. मीठ बदलूया. पण म्हावरा नाय, ताई."

"खुळी झालंस?"

"आता मोडलंय तर ती कधीच चलाची नाय."

मी तिला वाटेत काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ड्रायव्हरने गाणं बंद केलं. मी म्हटलं, अगं बये, तू मासे खात नाहीस म्हणून ती चालत नाही, आणि ती चालत नाही म्हणून तू मासे खात नाहीस, या चक्रात तुम्ही दोघी मरणार. तिला ते कळलं. ती अडाणी नव्हती. कळूनही ती एवढंच म्हणाली, "देवीक शब्द दिलंय. तुमका काय ता?" तिच्याकडे देवीला दिलेल्या शब्दाखेरीज दुसरं काही उरलंच नव्हतं, आणि मी तोही काढून घ्यायला निघाले होते.

घरी आबांना मी सांगितलं. हळूबिळू नाही सांगितलं, सरळ सांगितलं. ते उठून उभे राहिले. "समुद्रातल्या मिठात आयोडीन नाय? ह्या सांगणारो कोण? माझ्या बापाशीन..."

"तुमच्या बापाशीन लाठी खाल्ल्यान, आबा. तेका मी नमस्कार करतंय. पण त्येना काय मीठ बदलाचा नाय."

ते मिठागरावर निघून गेले आणि अंधार पडेपर्यंत बांधावर बसून राहिले. मंगेशने बाजारातून पुडी आणून चुलीजवळच्या बरणीत ओतली. बरणीतलं खडेमीठ माडाच्या बुंध्यात टाकलं. रात्री आबा जेवायला बसले, अनुजाने ताट वाढलं, तर म्हणाले, "माका आळणी वाढ." तिला वाटलं आजच्यापुरतं. पण त्या दिवसापासून आबांनी मीठच सोडलं. दुकानाचं खाल्लं नाही आणि स्वतःचंही नाही. कधी कुणाला "चुकलं" म्हणाले नाहीत. आळणी भात, आळणी आमटी, मासळीही पाण्यात उकडलेली. माझा म्हातारा बाप तो गोळा गिळताना दिसायचा आणि मला वाटायचं, एकदा रडा हो, एकदा ओरडा, पण हे सोडणं थांबवा.

गोळ्यांनी काम केलं. खोटं कशाला सांगू, काही महिने आम्ही सगळे वेड्यासारखे आनंदात होतो. दीपूची कातडी मऊ झाली. पोट आत गेलं. केसांना तकाकी आली. एके दिवशी मंगेशचा फोन आला, "ताई, आयक," आणि त्याने फोन तिच्या तोंडाशी धरला. पोर रडत होती. मोठ्याने, चिडून, जन्मलेल्या बाळाने रडावं तशी. मी दुकानात गिऱ्हाईक सोडून फोन कानाला लावून रडले. मंगेश म्हणाला, बघ, आता बोलेल पण. अनुजा तिला मांडीवर घेऊन तासन् तास शिकवत बसे. "आई म्हण. आ...ई." दीपू तिच्या ओठांवर बोट ठेवून बघायची. तोंड उघडायची. नुसतं उघडायची.

डॉक्टर मदिहांनी कानांच्या तपासणीला गोव्याला पाठवलं. तिथे कळलं, ऐकू जवळजवळ येतच नाही. यंत्र लावून बघा म्हणाले. लावलं. ती ते काढून चोखायची. ज्या मेंदूने ऐकायचं तोच कच्चा, तर कानाला यंत्र लावून काय होणार, हे कुणी आम्हांला असं तोंडावर सांगितलं नाही, पण परत येताना बांद्याच्या पुढे मंगेशने गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. अनुजा मागे पोरीला थोपटत होती. तिने विचारलंही नाही, का थांबलास.

या सगळ्यात तिने मासळीला हात लावला नाही. गोळ्यांनी तिच्या गळ्याची गाठ थोडी बसली होती, पुडीच्या मिठातून तिला हवं ते मिळत होतं, डॉक्टरांनी ओरडणं सोडून दिलं होतं. आता मासे खाल्ले काय, न खाल्ले काय, दीपूला फरक पडणार नव्हता. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरी ती रोज तिखलं करायची आणि स्वतः पिठी खायची.

दीपू चालली ती ऐन मिठाच्या दिवसांत, एप्रिलमध्ये. मी नेमकी घरी होते. वाफे पांढरे पडले होते, बांधावर ढीग लागले होते. मागच्या अंगणात ती खांबाला धरून उभी राहायची, ते नवं नव्हतं. त्या दिवशी तिने खांब सोडला. दोन्ही हात बाजूला पसरून, डुलत डुलत, अंगण ओलांडून थेट मिठागराच्या बांधापर्यंत गेली. पडली नाही. अनुजाच्या हातातलं सूप खाली पडलं. "चलली!" ती ओरडली. "आबानु, चलली! अवो, बघा, चलली!"

आबा धावत आले. त्या वयात धावले. शेजारीपाजारी जमले, कुणी साखर आणली. मीही ओरडत होते. त्या वेळी कुणालाच काही आठवलं नाही, आणि मला त्याची लाज वाटत नाही. अशा घरात एवढा आनंद फुकट सापडला तर सोडायचा कशाला?

नवस फेडायला आम्ही सगळे धामापूरला गेलो. ओटी भरली. गुरवाने देवीला सांगितलं की लेकराने दिलेला शब्द पाळलाय, तो आता पुरा करून घे. दीपू देवळाच्या फरशीवर चालत होती, या खांबापासून त्या खांबापर्यंत, थांबत नव्हती. लोक कौतुकाने बघत होते. एका म्हातारीने तिला विचारलं, "नाव काय गो तुझा?" दीपू तिच्या बाजूने निघून गेली.

घरी परतल्यावर आबांनी स्वतः जाऊन सुरमई आणली. यशोदाने ती फुकट दिली म्हणे. तिखलं त्या दिवशी मी केलं, अनुजाला चुलीजवळ येऊ दिलं नाही. मागच्या अंगणातच पानं मांडली. अनुजाला मधे बसवलं, वाढलं, आणि आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघायला लागलो. आबांच्या पानात आळणी तुकडा होता. मी म्हटलं, "आबानु, आज तरी." त्यांनी हातानेच नको म्हटलं.

अनुजाने पहिला घास घेतला. किती वर्षांनी! चावत राहिली. तिला ते आवडलं की नाही मला कळलं नाही. डोकं चोखणारी ती पोर मी शोधत होते, ती दिसली नाही.

एवढ्यात दीपू उठली आणि चालत निघाली. अंगणातून बांधावर, बांधावरून वाफ्याच्या कडेला. तिला आता चालण्याचीच तेवढी हौस होती. "दीपू!" अनुजाने हाक मारली. "दीपू, थांब!" पुन्हा मारली, मोठ्याने. सगळं गाव ऐकेल एवढ्याने. पाठमोरी पोर चालत राहिली. वाफ्याच्या कडेला बसली, दोन्ही मुठी मिठाने भरल्या आणि तोंडात कोंबायला लागली.

मंगेश धावत गेला. त्याने तिच्या मुठी उघडल्या, तोंड पुसलं, तिला उचलून आणलं. ती रडत नव्हती. बापाच्या खांद्यावरून वाफ्याकडे बघत होती. आबांनी पान बाजूला सारलं आणि उठून गेले.

मी अनुजाजवळ सरकले. देवीला शिव्या दिल्या. म्हटलं, एवढा नवस पाळलास, काय दिल्यान तिना?

"असा म्हणा नको, ताई," अनुजा म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "देवीन फसवल्यान नाय. मियां चलणा मागितलंय, तां दिल्यान. हाक मारल्यार तिना येवक होया, ह्या मागूचा माझ्याच ध्यानात रवला नाय. माका वाटला, तां आसताच."

मग तिने पान पुढे ओढलं, सुरमईचा काटा काढला आणि जेवायला लागली.